नळीतून आलेली हाक

सर, परवा ते विमान पुन्हा पाहिलं. अगदी आपलं नव्हे, पण त्याच जातीचं. एकावर एक दोन पंख, लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, पंखांच्या मध्ये ताणलेल्या तारा आणि पुढेमागे दोन उघड्या खुर्च्या. कुणी हौशी माणसांनी कुठून कुठून भाग जमवून एक जुनं टायगर मॉथ उभं केलं, त्याला तसाच पिवळा रंग दिला आणि आम्हा उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना ते बघायला बोलावलं. चहा झाला, हार झाले. मग कॅमेरा घेतलेली एक चुणचुणीत मुलगी पुढे आली, म्हणाली, आजोबा, तुमच्या आठवणी सांगा ना. सगळ्यांना कंठ फुटला. माझ्या शेजारच्या सरदारजींनी तर उलटं उडताना खिशातले चणे कसे सांडले ते हातवारे करून सांगितलं. मीही सांगितलं, की त्याला ब्रेक नसायचे, पंखा हातानं फिरवून चालू करावा लागायचा, आणि उतरताना वेग काट्यावर बघण्यापेक्षा तारांचा आवाज ऐकून जास्त चांगला कळायचा. मुलगी खूश झाली. मला जे सांगायचं होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. ते तुमचं आहे, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलंय.

नंतर त्या हौशी मंडळींपैकी दोघांनी धरून मला मागच्या खुर्चीत बसवलं. शिकणारा मागे, शिकवणारा पुढे, हे त्यांना ठाऊक होतं. नव्वदीला टेकलेलं माझं शरीर तिथं कसंबसं मावलं. समोर पाहिलं तर तुमची खुर्ची रिकामी. मला तुमचा चेहरा नीट आठवत नाही, सर, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मला तुमची मान आठवते. चामड्याच्या टोपीखाली दोन बोटं दिसणारी, उन्हानं करपलेली, आणि तिच्यावर एक जुना व्रण. तुम्ही चिडलात की त्या व्रणाच्या आजूबाजूला लाली यायची आणि मला आधीच कळायचं, आता नळीतून काय येणार आहे ते.

ती नळीही होती तिथं. साध्या रबराची, एका टोकाला नरसाळं, आणि उलट बोलायला तशीच दुसरी माझ्याकडे. तुम्ही पुढे नरसाळ्यात बोलायचात आणि ते माझ्या टोपीच्या कानात उतरायचं. इंजिन आणि वाऱ्यातून येताना त्याचं पार पीठ व्हायचं. त्यात माझं इंग्रजी पुस्तकी. हिंगोलीच्या शाळेत उर्दूतून शिकलेला मी, इंग्रजी वाचायला यायचं, पण त्या नळीतलं साहेबी इंग्रजी मला कळायचंच नाही. कळलं नाही असं सांगायची लाज वाटायची, म्हणून मी प्रत्येक वाक्याला येस सर म्हणायचो आणि नेमकं उलट करायचो. दोन शिक्षकांनी हात टेकले. महायुद्ध चालू होतं, आणि हैदराबादजवळच्या हवाई दलाच्या त्या तळावर नापास पोराला गाजावाजा न करता घरी पाठवत. माझी वळकटी जवळजवळ बांधलेली होती. शेवटचं एकदा बघा, म्हणून मला तुमच्याकडे दिलं.

सुरुवातीला तुम्हीही इंग्रजीतच बोलत होतात. एके दिवशी मी घाबरून स्टिक, म्हणजे विमान वरखाली करायचा दांडा, दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरली होती, विमानाचं नाक वर जात होतं, तारांचा आवाज बारीक होत होता, आणि मग विमान एका अंगावर कलंडून गरगरत खाली निघालं. खालचे खडक आणि तळं माझ्याभोवती फिरताना मला आत्ताही दिसतात. आणि त्या गरगरण्यात नळीतून आवाज येतो: "काहून वढून राहिला रे? रुमणं हाय का ते? जमीन न्हाई नांगरायची आपल्याला. सोड! सोड म्हनतो ना!"

मी सोडली. आमच्या घरात नांगराचं रुमणं धरूनच सगळे मोठे झालेले, तेव्हा रुमणं म्हटल्यावर हातांना आपोआप कळलं की ते काय चुकीचं करत होते. विमान तुम्ही सावरलंत. मग खाली उतरवलंत. पंखा थांबल्यावर तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलंत, "कोन्त्या गावचा रे तू?"

"शिरड शहापूर."

"आन् मी जवळा बाजारचा. मंग बोलला काहून न्हाईस इतके दिवस?"

"तुमी साहेब. मला काय ठाव?"

"ते बी बराबर हाय," तुम्ही म्हणालात आणि पहिल्यांदा हसलात.

त्या दिवसापासून आपला कायदा ठरला, जमिनीवर इंग्रजी आणि हवेत आपली बोली. वर जाताना चाकं जमिनीवरून उचलली की नळीतलं इंग्रजी संपायचं. वळण घेताना गाडीवान घेतो तसं घे, आतल्या बैलाला दाबून. उतरताना घाई करू नको, ते आपसूक बसतंय. मी शिकलो, सर. विमान शिकलो हे तर खरंच, पण माझ्या भाषेत विमान उडवता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि माझी सगळी भीती पळाली. एके सकाळी तुम्ही पुढच्या खुर्चीतून उतरलात, रिकाम्या खुर्चीचे पट्टे आवळून बांधलेत, आणि निघताना जा म्हणायचं नसतं म्हणून नुसतं "ये" म्हणालात. वर गेल्यावर सवयीनं मी नळीत काहीतरी बोललो. उत्तर आलं नाही तेव्हा उमगलं की मी एकटा आहे.

मग ती दुपार. ऊन इतकं की विमानाच्या पत्र्याला हात लागत नव्हता. आपण पंखाच्या सावलीत बसलो होतो. तुम्ही पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढलात. चटणी घरची होती, सुट्टीवरून येताना आणलेली. खाताना तुम्ही एकदम म्हणालात, "माही माय रागावून बसली हाय." मी विचारलं काय झालं. तेव्हा तुम्ही सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही कॉलेजसाठी हैदराबादेत मामाकडे राहिलात, तिथल्या क्लबात विमान शिकलात, शिकल्यासवरल्या लोकांत वावरलात. तिथं सगळे आई म्हणायचे. तुम्हालाही तीच सवय लागली.

"घरी गेलो तं आई म्हनून हाक मारली. तं म्हनती कशी, आई कोन? मी तुही माय हाय. आई म्हनून बलावशील तं मी ओ देनार न्हाई."

"मंग?"

"मंग काय? म्या बी तिचाच लेक. आठ दिवस आई आई करत राहिलो. तिनं एकडाव बी ओ देली न्हाई. ताट वाढायची, पानी द्यायची, पर ओ न्हाई. निघालो तवा दारातून म्हनलो, आई, येतो. तवा बी न्हाई." तुम्ही हसत होतात, पण घास हातातच राहिला होता. "जाऊ दे. पुढल्या खेपी म्हनन माय. आपलंच मानूस हाय."

मग तुम्ही मला विचारलंत, मी काय म्हणतो माझ्या आईला. मी म्हणालो, मला आठवत नाही, ती मी रांगत होतो तेव्हाच गेली. तुम्ही चटणीचा डबा माझ्याकडे सरकवलात आणि बाकीची सगळी मला खायला लावलीत.

त्यानंतर लांबच्या पल्ल्याचा सराव आला. नांदेडच्या मैदानावर उतरायचं, तेल भरायचं आणि परत फिरायचं. परत फिरताना तुम्ही विमान वायव्येला वळवलंत. मी नकाशा बघत बसलो, मला वाटलं माझंच चुकतंय. मग औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसलं आणि माझ्या लक्षात आलं आपण कुठं आहोत. सर, आपला मुलूख वरून कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. काळी रानं, कापसाची पांढरी बोंडं, पाऊलवाटा, आणि माझं शिरड शहापूर तर माझ्या तळहाताखाली झाकून जाईल एवढंसं. "त्ये बघ जवळा," तुम्ही म्हणालात. "आज बाजार हाय." मोकळ्या गाड्यांची रांग, उभी कापडी पालं, माणसांची दाटी, आणि सगळी दाटी वर बघत असलेली. तुम्ही विमान खाली खाली आणलंत आणि इंजिन इतकं बारीक केलंत की तारांचा आवाज तेवढा उरला. मग खुर्चीतून अर्धे बाहेर वाकलात आणि तोंडाशी हात धरून कडेच्या एका कौलारू घरावर ओरडलात, "आईऽऽ!"

अंगणात पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. तिनं वर पाहिलं, एवढंच मला दिसलं. तुम्ही इंजिन वाढवलंत आणि नळीतून तुमचं हसू आलं. "आता बी ओ देली नसंल बघ तिनं," तुम्ही म्हणालात.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय. माझं तिथलं शिक्षण संपत आलं होतं. सकाळी पहिल्या फेरीला तुम्ही एका नव्या मुलाला घेऊन गेलात, समुद्राकाठचा मलबारी मुलगा होता, बारीकसा. जमिनीवरून उचलता उचलता इंजिन बंद पडलं. आम्ही मैदानावरून बघत होतो. एकदम आवाज थांबला आणि पिवळं विमान झाडांमागे गेलं. खडकांच्या मधोमध एवढुशा शेतात तुम्ही ते उतरवलंत, आणि त्याहून चांगलं कुणाला जमलं नसतं हे साहेबांनीही मान्य केलं. पण पुढे शेताचा बांध होता. त्या विमानात पुढच्याला आधी लागतं. आम्ही पळत पोचलो तेव्हा मुलगा पट्ट्यांना लटकलेला होता, पाय मोडलेला, आणि तुम्ही गेला होतात.

दोन दिवसांनी सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. मुलानं दवाखान्यात सांगितलं होतं, की आपटल्यावर तुम्ही थोडा वेळ होतात. इंजिन बंद असल्यामुळे नळीतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तुम्ही इंग्रजीत काही सांगायला लागलात आणि पहिल्याच शब्दावर अडकलात. माय, माय, एवढंच म्हणत राहिलात. इंग्रजीत माय म्हणजे माझं. माझं काय? मेसमध्ये जेवताना हीच चर्चा. कुणी म्हणे, माझा पाय म्हणायचं असेल. कुणी म्हणे, माझी चूक म्हणायचं होतं, शेवटी कबूल केलं बिचाऱ्यानं. वाक्य अर्धं राहिलं, असं म्हणून सगळे हळहळले. मी ताटावरून उठलो. ते वाक्य पुरं होतं, सर.

मी उठलो तो तडक दवाखान्यात गेलो. त्या मुलाला म्हणालो, ते इंग्रजी नव्हतं. आमच्या भागात आईला माय म्हणतात. तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. म्हणाला, "आणि मी मागे बसून अम्मा अम्मा करत होतो. आम्ही दोघं एकच म्हणत होतो की." जरा वेळानं त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे. मेसमध्येही मी सांगितलं. त्यानंतर माझी चूक हा शब्द कुणी काढला नाही.

तिला सांगायचं माझ्याकडे होतं. पण लगेच माझी दूरवर बदली झाली, मग युद्ध संपेपर्यंत आणि पुढेही दोन वर्षं पूर्वेकडे, मग देश स्वतंत्र झाला आणि आपला मुलूख निजामाच्या हद्दीत अडकून पडला. माझ्या अंगावर हिंदुस्थानच्या फौजेचा गणवेश, मला तिकडे पाय टाकता येईना. पत्रात लिहावंसं वाटेना, कारण ती वाचणार नव्हती, दुसरं कुणीतरी तिला वाचून दाखवणार. तो शब्द परक्या तोंडून तिच्या कानावर पडू नये असं मला वाटे. एवढा एक शब्द सांभाळत मी कुठं कुठं हिंडलो. हे ओझं होतं असं नाही म्हणणार. मला त्याची सोबतच वाटे.

अठ्ठेचाळीस साल सरता सरता, निजामी संपल्यावर, वसमतला रेल्वेतून उतरलो आणि मिळेल त्या बैलगाडीनं जवळ्याला गेलो. घर वरून पाहिलेलं, त्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही. ती अंगणात सुपात ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं ओसरी झाडली आणि मला बसवलं. आत जाऊन चुलीवर भाकरी टाकली आणि मला चुलीपाशीच बोलावलं. "आधी खा. लांबून आलास," म्हणाली. शेंगदाण्याची तीच चटणी होती.

मी कसं सुरू करावं ते जुळवत होतो, तेवढ्यात तिनंच चुलीतलं लाकूड मागे ओढत विचारलं, "बाजाराच्या दिशी इमान आलं व्हतं. तू व्हतास का त्यात?"

"व्हतो. मागं बसलो व्हतो."

"म्या वळखलं त्याला. दुसरं कोन येतंय आमच्या घरावर? वरून कायतरी वरडला. पर बाजाराचा गलका, मला निस्ता आवाज आला." ती थांबली. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "काय म्हनला रे? आई म्हनला का माय?"

इतक्या वर्षांत तिनं किती वेळा हा प्रश्न स्वतःला विचारला असेल. खोटं बोलणं सोपं होतं, सर, आणि क्षणभर ते माझ्या ओठांवर आलंही. पण तुमच्या त्या हट्टात मला तुमचं तिच्यावरचं प्रेमच दिसलं होतं, तो पुसून टाकावासा वाटेना. मी म्हणालो, "त्या दिवशी आई म्हनले."

तिनं मान हलवली. "हट्टीच व्हता," म्हणाली, आणि तिच्या तोंडावर थोडं हसूही आलं. "म्या बी कमी न्हाई. जाताना दारातून म्हनला, आई, येतो. म्या चुलीपाशी बसून राहिले. एक ओ द्याची व्हती. काय जात व्हतं माहं?"

मग मी सांगितलं. विमान कसं उतरवलंत ते, बांध, मागे बसलेलं ते परमुलखातलं पोरगं वाचलं ते. "वाचलं का लेकरू? बरं झालं," ती मध्येच म्हणाली. मग नळी काय असते ते सांगितलं. शेवटी तुम्ही त्या नळीतून एकच शब्द म्हणत होतात, आणि आजूबाजूच्या कुणालाच तो कळला नाही, असं म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "माय."

तव्यावरची दुसरी भाकरी करपत होती, तिचा वास घरभर झाला. मग तिनं दाराकडे तोंड केलं, जिथून तुम्ही निघाला होतात, आणि अंगणापलीकडून कुणी हाक मारल्यावर द्यावी तशी, मोठ्यानं, लांबवून म्हणाली, "ओऽऽ."

एवढंच सांगायचं होतं, सर. तुमची हाक पोचली. तिनं ओ दिली. मी तिथं होतो, मी ऐकली.

परवा त्या खुर्चीत बसलो असताना मी नळीचं नरसाळं हातात घेतलं होतं. कॅमेरावाल्या मुलीनं विचारलं, आजोबा, काय बोलताय? मी म्हणालो, काही नाही, चालते का ते बघतोय. हा कागदही आता घडी करून ठेवून देईन, पाठवायला पत्ता कुठला. फक्त एक तुम्हाला सांगून टाकतो. तिच्यासमोर तो शब्द उच्चारला तेव्हा तुमचा निरोप म्हणून उच्चारला, पण निघाला तो माझ्या तोंडून, आणि मी तो कुणाला उद्देशून जन्मात पहिल्यांदाच म्हणत होतो. तिची ओ दाराकडे गेली, ती तुमचीच होती. त्यातली थोडी मी माझ्यासाठी ठेवून घेतली.